विजेचें वाहन आणि मराठवाड्याची हवा

मार्गशीर्षांत माळेगांवच्या खंडोबाची यात्रा भरते, त्या दिवसांत नांदेड-लातूर रस्त्यावरची पहाट चांगलीच गारठलेली असते. गोदाकांठचें नांदेड काय किंवा बालाघाटच्या पठारावरचें लातूर काय, डिसेंबर-जानेवारींत दोन्हीकडे पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. एखाद्या वर्षीं तो एकेरी आकड्यांतहि जातो. अशा वेळीं विजेच्या स्कूटरवरून शिकवणीला निघालेल्या विद्यार्थ्याच्या किंवा कचेरीला निघालेल्या गृहस्थाच्या ध्यानांत एक गोष्ट येते. दसऱ्याच्या सुमारास तीच गाडी एका चार्जिंगमध्यें जितकें अंतर जात होती, तितकें ती आतां जात नाहीं. थंडीनें बॅटरी बिघडली कीं काय, अशी शंका घरांत निघते. पुढें वैशाख येतो, पारा चाळिशी ओलांडून जातो आणि शंकेचें रूप पालटतें: उन्हानें तापलेली ही गाडी पेट तर घेणार नाहीं ना? या दोन शंका परस्परांच्या उलट दिसतात. परंतु दोहोंचें उत्तर एकाच ठिकाणीं, म्हणजे बॅटरीच्या पोटांत चालणाऱ्या रासायनिक व्यवहारांत सांपडतें.

बॅटरी ही विजेची टांकी आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. टांकींत पाणी भरावें तशी तिच्यांत वीज भरली जाते आणि तोटी उघडतांच बाहेर येते, असें ते मानतात. वास्तविक बॅटरींत सांठते ती रासायनिक ऊर्जा. चार्जिंग करितांना विजेच्या जोरावर एक रासायनिक क्रिया उलट दिशेनें रेटली जाते, आणि गाडी चालतांना तीच क्रिया सुलट होऊन वीज परत मिळते. फ्रान्समधील गास्तों प्लान्ते यांनीं १८५९ सालीं शिसें व गंधकाम्ल यांच्या साह्यानें अशी पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी प्रथम तयार केली. घरगुती इन्व्हर्टरमध्यें आजहि बहुधा तीच जात असते, आणि अनेक ई-रिक्षाहि तिच्यावरच धांवतात. विजेच्या स्कूटरमध्यें व मोटारींत मात्र लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. १९७० नंतरच्या दशकांतील स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांचे प्रयोग, १९८० सालचें जॉन गुडइनफ यांचें संशोधन आणि १९८५ सालची जपानच्या अकिरा योशिनो यांची रचना यांतून ती घडली. १९९१ सालीं सोनी कंपनीनें ती बाजारांत आणली, आणि या तिघां शास्त्रज्ञांना २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

या बॅटरींत अनेक लहान घट एकत्र जोडलेले असतात. प्रत्येक घटांत एका बाजूस ग्राफाइटचा थर आणि दुसऱ्या बाजूस लिथियमयुक्त धातु-संयुगाचा थर असतो. दोहोंमध्यें केसाहूनहि पातळ असा प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असून सर्व कांहीं एका ज्वालाग्राही द्रावांत भिजलेलें असतें. ग्राफाइटची रचना पोथीच्या सुट्या पानांसारखी, थरावर थर अशी असते. चार्जिंग होतांना लिथियमचे विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, द्रावांतून वाट काढीत पडद्यापलीकडे येतात आणि या पानांच्या मध्यें जाऊन बसतात. गाडी चालूं लागली म्हणजे ते तेथून निघून मूळ जागीं परततात. हें येणेंजाणें जितकें सुरळीत, तितकी बॅटरी कार्यक्षम. थंडी आणि उष्णता या दोहोंचा परिणाम होतो तो नेमका या येण्याजाण्यावर.

हिंवाळ्यांत खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी तेल बाहेर येत नाहीं, हा घरोघरचा अनुभव आहे. बॅटरींतील द्राव असा थिजून जात नाहीं हें खरें. पण गारठ्यांत तो दाट होतो, आयनांची चाल मंदावते आणि ग्राफाइटच्या पानांत शिरण्यासहि त्यांना अधिक वेळ लागतो. यालाच बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढला असें म्हणतात. विरोध वाढला कीं ऊर्जेचा कांहीं भाग बॅटरीच्या आंतच उष्णतेच्या रूपानें खर्च होतो. चढावर किंवा वेग वाढवितांना विजेचा दाब एरवींपेक्षां अधिक खालीं येतो. गाडीचा नियंत्रक हा दाब ठराविक मर्यादेखालीं जाऊं देत नाहीं. त्यामुळें बॅटरींत ऊर्जा शिल्लक असतांनाच ती संपल्याचा इशारा मिळूं शकतो. ही ऊर्जा नाहींशी झालेली नसते. ऊन चढून बॅटरी ऊबदार झाली म्हणजे ती पुन्हां हातीं लागते. बॅटरी अशा सकाळीं आजारी पडलेली नसते, आळसावलेली असते, एवढेंच.

हा परिणाम किती वाढूं शकतो, हें खऱ्या थंडीच्या देशांत दिसतें. नॉर्वेंत २०२४ सालीं नोंदल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकीं शेंकडा सुमारें ८९ विजेवर चालणाऱ्या होत्या. तेथील मोटार-संघ हिंवाळ्यांत बर्फाळ रस्त्यांवर या गाड्यांची चांचणी घेतो, आणि कारखानदारानें जाहीर केलेल्या अंतरांत पांचव्या हिश्शाची वा त्याहूनहि अधिक घट पुष्कळ गाड्यांत आढळते. त्या घटीचा मोठा वांटा प्रवाशांची ऊब राखण्याकडे जातो. पेट्रोलच्या इंजिनांत इंधनाची बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वायां जाते, म्हणून तेथें गाडींतली ऊब फुकट मिळते. विजेच्या मोटारीला ती बॅटरींतूनच पुरवावी लागते. जानेवारी २०२४ मध्यें अमेरिकेंतील शिकागो येथें कडाक्याची थंडी पडली असतां चार्जिंग-केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या, कारण थंड बॅटऱ्या वीज घेण्यास फार वेळ लावीत होत्या.

या मानानें मराठवाड्यांतील दहा अंशांची पहाट सौम्यच म्हणावयाची. स्कूटरला ऊब देण्यासारखी खोलीहि नसते. तेव्हां येथें अंतरांत जी घट दिसते ती थोडी असते, आणि तिच्यांत टायरमधील हवेचाहि वांटा असतो. थंडींत हवा आकुंचन पावते, टायर मऊ पडतो आणि गाडी ओढण्यास अधिक जोर लागतो. हिंवाळ्याच्या आरंभीं टायरची हवा तपासून घेतली तर तक्रारीचा कांहीं भाग तेथेंच मिटतो.

थंडीचा एक परिणाम मात्र केवळ गैरसोयीचा नसून धोक्याचा आहे, आणि तो गोठणबिंदूखालीं चार्जिंग करण्यानें होतो. शून्य अंशाखालीं आयन ग्राफाइटच्या पानांत पुरेशा वेगानें शिरूं शकत नाहींत. बाहेरून विजेचा रेटा तर चालूच असतो. मग दाराशीं अडलेल्या गर्दीप्रमाणें ते पृष्ठभागावरच सांचतात आणि तेथें धातुरूप लिथियमचा मुलामा चढतो. त्याला कांट्यांसारखे अंकुर फुटतात. ते वाढत जाऊन मधल्या पडद्याला छिद्र पाडूं शकतात, आणि तसें झालें तर घटाच्या आंतच शॉर्ट सर्किट होतें. म्हणूनच उत्तम गाड्यांतील नियंत्रक बॅटरी अतिथंड असतां चार्जिंग रोखून धरतो, किंवा तिला आधीं ऊब देतो. लेह-लडाखसारख्या प्रदेशांत हा विचार महत्त्वाचा ठरतो. नांदेड-लातुरांत पारा शून्यापर्यंत उतरत नसल्यानें या संकटाची धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं.

मराठवाड्याची खरी कसोटी उन्हाळ्यांत लागते. मे महिन्यांत नांदेडचा पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो, आणि तो असतो सावलींतला. उन्हांत उभ्या केलेल्या गाडीचें अंग त्याहून पुष्कळ अधिक तापतें. स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस यांनीं १८८९ सालीं रासायनिक क्रियांचा वेग आणि तापमान यांचा संबंध दाखवून दिला. त्या नियमाचा व्यवहारांतील ठोकताळा असा कीं, तापमान दहा अंशांनीं वाढलें म्हणजे अनेक क्रियांचा वेग सुमारें दुप्पट होतो. बॅटरींत आयनांच्या येण्याजाण्याखेरीज कांहीं अनिष्ट क्रियाहि सतत हळूहळू चालू असतात. त्यांनीं लिथियमचा थोडा थोडा भाग कायमचा अडकून पडतो. उष्णतेनें या क्रिया बळावतात. पूर्ण भरलेली बॅटरी कडक उन्हांत दिवसचे दिवस ठेवली तर तिचें आयुष्य सर्वांत लवकर झिजतें. थंडीनें घटलेलें अंतर सूर्योदयाबरोबर परत येतें. उष्णतेनें घटलेलें परत येत नाहीं. दोन ऋतूंतला हा भेद गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें ध्यानीं ठेवण्याजोगा आहे.

तरी केवळ उन्हानें गाडी पेटते असें मानणें चूक ठरेल. घटांतील ग्राफाइटवर एक संरक्षक साय धरलेली असते. ती साधारण ८० ते १२० अंशांच्या दरम्यान विघटित होऊं लागते व स्वतःच उष्णता निर्माण करिते. सुमारें १३० अंशांवर पॉलिएथिलिनचा पडदा वितळतो आणि आंतील दोन्ही बाजू एकमेकींस भिडतात. त्याहून पुढें धातु-संयुग फुटून प्राणवायु बाहेर टाकूं लागतें. येथपासून आगीला बाहेरच्या हवेचीहि फारशी गरज उरत नाहीं; एका घटाची उष्णता शेजारच्याला पेटविते, तो पुढच्याला, आणि क्षणार्धांत सारी पेटी कवेंत येते. ४४ अंशांचें ऊन आणि ही पहिली पायरी यांत बरेंच अंतर आहे. तें अंतर तोडून टाकणारें कारण बहुधा दुसरेंच असतें: घट बनवितांना राहिलेला दोष, अपघातांत पेटीला बसलेला मार, आंत शिरलेलें पाणी, किंवा बिघडलेल्या अथवा विजोड चार्जरनें केलेलें अतिरिक्त चार्जिंग. अशा वेळीं भोंवतालची हवा तापलेली असेल तर उष्णता बाहेर टाकण्यास वाव कमी मिळतो आणि सुरक्षिततेची कड अरुंद होते, इतकाच उन्हाचा दोष.

हा धोका काल्पनिक नाहीं. मार्च २०२२ मध्यें पुण्यांत एक विजेची स्कूटर रस्त्याच्या कडेला उभी असतां जळाली. त्याच सुमारास तामिळनाडूंतील वेल्लोर येथें घरीं चार्जिंग चालू असतां लागलेल्या आगींत वडील व मुलगी मृत्युमुखीं पडले. सप्टेंबर २०२२ मध्यें वसई येथें घरांत चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा एक मुलगा भाजला व पुढें दगावला. या व अशा घटनांनंतर केंद्र सरकारनें चौकशी करविली आणि दुचाकींच्या बॅटरीसाठीं असलेलें एआयएस-१५६ हें मानक अधिक कडक केलें. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून व दुसरा ३१ मार्च २०२३ पासून अमलांत आला. घटांघटांत पुरेसें अंतर, तापमान मोजणारे संवेदक, वायु बाहेर पडण्याची वाट, धोका दिसतांच आवाज व दिवा यांनीं मिळणारा इशारा, धूळ व पाणी यांपासून बचाव, आणि प्रत्येक घटाचा माग लागेल अशी नोंद, अशा गोष्टींवर त्यांत भर दिलेला आहे. १९६६ सालीं पुण्यांत स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा चांचण्या घेणाऱ्या संस्थांपैकीं प्रमुख होय.

लिथियमच्या बॅटऱ्यांतहि दोन जाती मुख्य आहेत. एकींत निकेल, मँगेनीज व कोबाल्ट यांचें संयुग असतें. दुसरींत लोह व फॉस्फेट. पहिली हलकी, थोड्या वजनांत अधिक ऊर्जा सांठविणारी आणि थंडींतहि बरी चालणारी. दुसरी वजनानें जड आणि थंडींत अधिक आळशी. परंतु तिच्या फॉस्फेटमध्यें प्राणवायु घट्ट बांधलेला असल्यानें ती पुष्कळ अधिक तापमान सोसते, सहजासहजीं पेटत नाहीं आणि अधिक वेळां भरतां येते. नॉर्वेच्या माणसाला पहिली जात प्रिय वाटावी हें स्वाभाविक आहे. पण जेथें थंडी दोन महिन्यांची व सौम्य आणि ऊन चार महिन्यांचें व प्रखर, त्या प्रदेशांत दुसरीचें पारडें जड ठरतें. थंड देशांतील बातम्या वाचून येथें मत बनविणाऱ्यानें हा विचार अवश्य करावा.

नांदेड-लातूरसारख्या शहरांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०२१ सालच्या महाराष्ट्राच्या विद्युत्-वाहन धोरणानें सार्वजनिक वाहतुकीच्या दृष्टीनें मुंबई, पुणें, नागपूर, नाशिक, औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) व अमरावती या सहा नगरांवर विशेष भर दिला होता. त्यांत या दोन शहरांचा समावेश नव्हता. स्कूटर घेणारें कुटुंब येथें मुख्यतः घरच्या प्लगवर अवलंबून असतें, आणि म्हणूनच सुरक्षिततेचा बराचसा भार घरावर येतो. जूल यांच्या नियमाप्रमाणें तारेंतील विजेचा प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट होते. आणि जोड सैल असेल तर ती सारी त्या एका बिंदूवर एकवटते. जुन्या वाड्यांतील सैल सॉकेट, दोन-तीन जोड दिलेली एक्स्टेन्शनची वायर आणि नांवापुरतें अर्थिंग हीं बॅटरीइतकींच धोक्याचीं आहेत. चार्जिंगसाठीं भिंतींतील स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट, चांगलें अर्थिंग आणि गाडीबरोबर मिळालेलाच चार्जर असावा. जागा मोकळी व सावलीची असावी. सुटी बॅटरी निजावयाच्या खोलींत, आणि गाडी जिन्याखालीं चार्जिंगला लावूं नये. कारण आग लागलीच तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते. शिशाच्या बॅटरींतून चार्जिंगच्या वेळीं हायड्रोजन वायु निघतो, म्हणून ई-रिक्षा बंद खोलींत लावणेंहि तितकेंच अनुचित.

ऋतूप्रमाणें संवयहि पालटावी. हिंवाळ्यांत संध्याकाळीं घरीं पोंचतांच, बॅटरी फेरीनें ऊबदार आहे तोंवरच चार्जिंग लावणें हिताचें. ती वीज सहज घेते आणि घरचीं माणसें जागीं असतांनाच काम उरकतें. उन्हाळ्यांत याच्या उलट करावें. गाडी सावलींत उभी करून अर्धा-पाऊण तास निवूं द्यावी आणि मगच प्लग लावावा. सुटींत दोन-तीन आठवडे परगांवीं जावयाचें असेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवावी, शिगोशीग नव्हे. पुराच्या पाण्यांत बुडालेली किंवा जोराचा मार बसलेली गाडी वरून धडधाकट दिसली तरी जाणकारानें तपासल्यावांचून चार्जिंगला लावूं नये. कोपऱ्यावरच्या दुकानांत पेटी उघडून त्यांत जुने घट बसवून घेणें हें तर पैसे वांचवून संकट विकत घेण्यासारखें आहे.

इतकें करूनहि प्रसंग ओढवलाच, तर त्याचीं लक्षणें ओळखतां यावींत. पेटी फुगणें, विचित्र गोडसर वा रासायनिक वास येणें, फुसफुस आवाज होणें, पांढुरका धूर निघणें यांपैकीं एकहि दिसतांच सर्वांनीं बाहेर पडावें. मुख्य स्विच वाटेंत व सुरक्षित असेल तर बंद करावा, आणि १०१ वर अग्निशामक दलास कळवावें. तो धूर विषारी असतो. सामान वांचविण्यासाठीं त्यांत शिरणें प्राणावर बेतूं शकतें. अशी आग वाळूनें वा लहान अग्निशामक नळकांड्यानें बहुधा आटोक्यांत येत नाहीं, कारण प्राणवायु तिच्या आंतच असतो. ती थंड करावी लागते, आणि त्यासाठीं अग्निशामक दलाचे लोक भरपूर पाणी वापरतात. विझलेली बॅटरी कांहीं तासांनीं पुन्हां पेटूं शकते, म्हणून ती मोकळ्या जागेंत इतर वस्तूंपासून दूर ठेवतात.

या सर्व सावधगिरीनें भिऊन जाण्याचें मात्र कारण नाहीं. सामान्य स्कूटरच्या बॅटरींत सुमारें ३ युनिट वीज मावते. ही ऊर्जा पाव किलो रॉकेलमधील ऊर्जेइतकी भरते, आणि तेवढ्यांत गाडी शंभर किलोमीटरांच्या आसपास जाते. पेट्रोलच्या टांकींत याच्या कितीतरी पट ऊर्जा घेऊन लोक रोज हिंडतात. पेट्रोलजवळ काडी ओढावयाची नसते हें तीन पिढ्यांच्या अनुभवानें त्यांच्या अंगवळणीं पडलें आहे. नव्या इंधनाचेहि असेच थोडे नियम आहेत. नांदेडहून लातूरला जावयाचें अंतर सुमारें १४० किलोमीटर आहे. हिंवाळ्यांत त्या वाटेनें निघणाऱ्या स्कूटरस्वारानें मध्यावरच्या अहमदपुरास चार्जिंगची सोय पाहूनच निघावें, हा झाला त्यांतला सोपा नियम. अवघड नियम गाडी घेतांनाच पाळावा लागतो. दुकानांत शिरलेलें कुटुंब बहुधा गाडी किती धांवते व किती पडते, एवढेंच विचारतें. बॅटरी कोणत्या जातीची आहे, नव्या मानकाचें प्रमाणपत्र आहे काय, आणि तापमान वाढल्याचा इशारा ती कसा देते, हे तीन प्रश्न त्याच्या आधीं विचारले गेले पाहिजेत. आणि त्यांचीं सरळ उत्तरें न देणाऱ्या दुकानांतून गाडी न घेतां बाहेर पडणेंच शहाणपणाचें होईल.